राखीव गोलकीपर

माझ्या मावशीला कागदाच्या कारखान्याच्या हॉकी संघात घेतलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. संघाचे कोच खरं तर तिला पाहायला आलेच नव्हते. समोरच्या शाळेची एक फॉरवर्ड मुलगी तेव्हा फार गाजत होती, तिच्यासाठी ते मैदानाच्या कडेला उभे होते. त्या मुलीने जंग जंग पछाडलं, पण चेंडू काही गोलाच्या आत जाईना. सामना संपल्यावर कोच त्या फॉरवर्डला विसरले आणि गोलकीपरचं घर विचारत विचारत आजोबांच्या दुकानात येऊन पोचले.

आजोबा खिडक्यांना काचा बसवायचे. दुकान म्हणजे पुढची खोली: भिंतीला टेकवलेल्या काचा, मधे एक लांब टेबल, त्यावर काच कापायची हिरकणी आणि काच चौकटीत पक्की करायच्या लांबीचा गोळा. गल्लीतले लोक त्यांची चेष्टा करायचे, की तुमची मुलगी अशी सगळे चेंडू अडवत सुटली तर काचा फुटणार कशा, आणि तुमचा धंदा चालणार कसा? आजोबांना ही चेष्टा आवडायची. गिऱ्हाइकांना ते स्वतःच सांगायचे.

मावशीचा गुण असा होता, की ती हलायची नाही. चेंडू कुठे येईल याचा अंदाज बांधून बाकीच्या मुली आधीच अंग टाकतात आणि फसतात. ही उभीच. समोरचीच्या स्टिकवरून चेंडू सुटेपर्यंत पापणीसुद्धा लवत नसे, आणि सुटला की जिथे तो यायचा तिथे हिचा पाय आधीच पोचलेला असे. कोच आजोबांना म्हणाले, हे शिकवून येत नाही, जन्माबरोबर यावं लागतं. मग त्यांनी काय देणार ते सांगितलं. कारखान्यात नोकरी, राहायला दोघींमध्ये एक खोली, आणि संघाच्या पहिल्या गोलकीपरच्या मागे दोन हंगाम काढले की गोल हिचाच.

आजी आतल्या दारात उभी होती. तिने विचारलं, "मागे म्हणजे कुठे?"

"बाकावर," कोच हसून म्हणाले. "बसून शिकेल."

"बसून कुणी चालायला शिकलंय का?"

आजोबांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. आलेली संधी दारातून परत पाठवायची नसते, असं त्यांचं म्हणणं. मावशीने त्याच आठवड्यात आपलं सामान बांधलं.

कारखान्यात तिला ताव निवडण्याच्या खोलीत काम मिळालं. आपण धान्य निवडतो तसे तिथे बायका कागद निवडायच्या. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांखाली लांब टेबलं, त्यांवर कोऱ्या कागदांच्या चळती. एकेक ताव उचलायचा, उजेडात तिरका धरायचा, ठिपका, सुरकुती, कडेला चीर दिसली की बाजूला काढायचा. कागदाची कड बोटं कापते, म्हणून सगळ्यांच्या बोटांना चिकटपट्ट्या. दुपारपर्यंत हे काम, आणि मग मैदान.

पहिल्या गोलकीपरला सगळ्या जणी थोरली म्हणत. ती फाटकाजवळच्या वजनकाट्यावर कामाला होती. माल घेऊन आलेला ट्रक काट्यावर उभा राहिला की ती खिडकीतून बाहेर डोकं काढून ड्रायव्हरला हुकूम सोडायची, आणि भलेभले ड्रायव्हर निमूटपणे दोन हात मागे-पुढे व्हायचे. मैदानावरही तिचा तोच खाक्या. मनाने मात्र ती लोण्यासारखी. पॅडचे पट्टे कसे आवळायचे म्हणजे पोटरीला रग लागत नाही, कोपऱ्यातून हल्ला आला तर पाऊलभर पुढे का यायचं, पेनल्टी कॉर्नरला नजर चेंडूवर ठेवायची की मनगटावर, हे सगळं तिने मावशीला पोटच्या पोरीसारखं शिकवलं. तिच्याबद्दल वाईट शब्द मी मावशीच्या तोंडून कधी ऐकला नाही.

सामन्याच्या दिवशी मावशी पूर्ण वेष करून सगळ्यांच्या आधी मैदानात उतरायची. पॅड, छातीचं कवच, हेल्मेट, सगळं. बघणाऱ्याला वाटावं, आज हीच खेळणार. पण तिचं काम असायचं फॉरवर्ड मुलींचा हात मोकळा करून देणं. त्या फटके मारणार, ही अडवणार. आल्याआल्या पहिल्याच हंगामात तिने सराव म्हणून आलेला एकेक फटका अडवला. मुली वैतागल्या, तोंडं पाडून सामन्याला गेल्या आणि हरल्या. दुसऱ्या दिवशी कोचनी तिला बाजूला घेतलं.

"सगळे अडवू नकोस. थोडे जाऊ दे. मुलींना फळीचा आवाज ऐकू दे."

गोलाच्या आत खाली फळी असते, चेंडू तिच्यावर आपटला की खणखणीत आवाज येतो. तो आवाज ऐकून मुलींना हुरूप येतो, हे काही खोटं नाही. मावशीला आधी ते जमेना. चेंडू दिसला की पाय आपोआप जाई. मग तिने तो आवरायची सवय लावून घेतली, केसभर उशीर करायची, आणि तोही असा की कुणाला कळू नये. अडवणं तिला उपजत येत होतं. सोडणं तिने कष्टाने शिकून घेतलं.

सराव संपला की ती बाकावर येऊन बसायची. दोन हंगाम झाले, चार झाले. सामना सोपा असला की कोच म्हणत, जमलेली घडी कशाला मोडायची? अवघड असला की म्हणत, ही काही प्रयोगाची वेळ नाही. आणि तिसऱ्या प्रकारचा सामना काही जगात नसतो. पुढच्या हंगामात नक्की, असं दर वर्षी व्हायचं. कोच खोटं बोलत होते असं नाही, त्या त्या वेळी त्यांना ते खरंच वाटत असावं. पण मावशीचं घोंगडं भिजतच राहिलं. निवड खोलीतल्या बायका विचारायच्या, अगं, तुला खेळायला आणलंय की मुरायला? ती हसून पुढचा ताव उचलायची.

मधे एकदा दुसऱ्या गावच्या संघाने तिला मागणी घातली. पहिली गोलकीपर म्हणून नेतो म्हणाले. कोचनी सोडलं नाही. थोरलीला उद्या काही झालं तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असं त्यांचं म्हणणं. आजी हे ऐकून पहिल्यांदाच कारखान्यात गेली आणि मैदानाच्या फाटकात त्यांना गाठलं. कोच तिला समजावत म्हणाले, आजवर आम्ही तिला घरच्या पोरीसारखं सांभाळलंय, घरचं पोर कुणी बाहेर देतं का?

आजी म्हणाली, "घरचं पोर म्हणता, मग ताट मांडून उपाशी का ठेवता?"

कोचनी हात जोडले. पण मावशीला काही त्यांनी सोडलं नाही.

एव्हाना थोरलीचा उजवा गुडघा कामातून जात चालला होता. सामना झाला की तो उशीसारखा फुगायचा. हे संघात फक्त मावशीला माहीत होतं, कारण कपडे बदलायच्या खोलीत शेवटी उरणाऱ्या त्या दोघीच. मावशी तिच्या पायाशी बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळायची आणि वरून पॅड चढवून द्यायची. थोरलीने तिला कुणाला न सांगण्याची गळ घातली होती, पण मावशी गप्प राहिली ती तेवढ्यासाठी नाही. कोचना सांगायला गेलं की लोक म्हणणार, हिला जागा पाहिजे म्हणून कागाळी करते. त्या एका वाक्याच्या भीतीने तिने तोंड शिवून घेतलं. दोघी मिळून एकीचा पाय आणि दुसरीची उमेद झिजवत राहिल्या.

शेवटी व्हायचं ते झालंच. मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कारखान्याचा संघ एका गोलने पुढे असताना, दुसरा अर्धा भाग नुकताच सुरू झालेला, थोरली चेंडूकडे वळली आणि तशीच खाली बसली. तिला उचलून बाहेर आणावं लागलं. कोचनी बाकाकडे पाहिलं. मावशीला या संघात येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि खऱ्या सामन्यात तिने एकही चेंडू अडवला नव्हता.

पहिलाच फटका कमरेच्या उंचीवर, डाव्या हाताला आला. ती हलली नाही, हलली नाही, आणि मग चेंडू तिच्या हातमोज्यावर आदळून बाहेर गेला. लोक उभे राहिले. माझी आई तिथे होती. ती म्हणते, तेवढा एक क्षण वाटलं की ही मुलगी कालच शाळेतून आली आहे.

पण गोलकीपरचं निम्मं काम पायांचं आणि निम्मं तोंडाचं असतं. सगळं मैदान एकट्या तिलाच समोरून दिसतं, त्यामुळे पुढच्यांना हलवायचं तिनेच. कोण मोकळी सुटली आहे, कुणी मागे यायचं, चेंडू कुणी घ्यायचा, हे तिने ओरडून सांगायचं. थोरलीचा आवाज पार फाटकापर्यंत जायचा. मावशीने आजवर पुढच्या दोन्ही बचावपटूंना बाकावरून पाण्याची बाटली देताना "ताई, पाणी" एवढंच म्हटलं होतं. त्यांतली एक तर कॅप्टन. तिला आता "डावीकडे सरक" असं कुठल्या तोंडाने ओरडायचं? मावशी ओरडली, पण तो आवाज विनवणी केल्यासारखा निघाला आणि गोंगाटात विरून गेला. चेंडू दोघींच्या मधून आला. कॅप्टनला वाटलं दुसरी घेईल, दुसरीला वाटलं कॅप्टन घेईल. त्या दोघींच्या आडून समोरची फॉरवर्ड मोकळीच पुढे आली आणि बरोबरी झाली.

तो गोल मावशीच्या माथी कुणी मारला नसता. दुसरा मात्र तिचाच होता. शेवटच्या मिनिटांत कुणाची तरी स्टिक चुकून लागली आणि एक मंद चेंडू गडगडत तिच्या उजव्या पावलाशी आला. शाळेतल्या पोरीने अडवला असता असा. मावशीचा पाय जागचा निघाला आणि केसभर उशिरा पोचला. मागे फळी वाजली.

संघ हरला. कोच पाहुण्यांना सांगत होते, इतकी वर्षं सांभाळली आणि ऐन वेळी पायच उचलला नाही. बाहेर पडताना आईने कुणाला तरी म्हणताना ऐकलं, बरं झालं हिला आधी कधी खेळवलं नाही ते.

थोरलीचा खेळ तिथेच संपला. पुढच्या हंगामाला बाहेरून नवी गोलकीपर आणली, मावशीपेक्षा चार वर्षांनी लहान. मावशीने पॅड पुसले, वाळवले, एक सैल पट्टा होता तो दोऱ्याने टाचला आणि सगळं सामान भांडारात परत करून आली. नोकरी राहिली. नंतर कारखान्यातल्याच क्रेनवाल्याशी तिचं लग्न झालं. काका शांत माणूस, घरात हॉकीचा विषय त्यांनी आपण होऊन कधी काढला नाही.

लग्नाआधी एकदा थोरली तिच्या खोलीवर आली होती. काठी टेकत दोन जिने चढून आली, खाटेवर बसली आणि काठी बाजूला ठेवली.

"सगळं शिकवलं तुला," ती म्हणाली. "जागा तेवढी दिली नाही."

"मी कुठे मागितली, ताई."

"मागायला लागू नये, ते माझं काम होतं. कोचचंही होतं."

मावशीने तिला चहा करून दिला. निघताना जिन्यावर तिचा हात धरून खाली आणलं. त्यानंतरही दोघी भेटत राहिल्या, पण त्यावर पुन्हा बोलल्या नाहीत.

पुढे कितीतरी वर्षांनी कारखान्याच्या मुलींच्या संघाला नवी कोच मिळाली. ही तीच, जी त्या सामन्यात कॅप्टनच्या शेजारी बचावाला होती आणि जिने चेंडू कॅप्टनसाठी सोडला होता. ती एक दिवस निवड खोलीत आली, टेबलापाशी उभी राहिली आणि मावशीला म्हणाली, की ताई, लहान मुलींच्या गोलकीपरना शिकवायला माणूस नाही, तुम्ही या. मावशी नाही म्हणाली. ती परत आली. तिसऱ्या खेपेला मावशीने अट घातली. दोन्ही गोलकीपर आळीपाळीने खेळतील, एक सामना हिचा, एक तिचा, समोर कुणीही असो. आणि सरावात कुठल्याही पोरीला चेंडू सोडायला सांगायचं नाही. कोचने तसा शब्द दिला.

त्या दोन मुलींपैकी एक उंच, चांगली मजबूत, तिला उंची म्हणायचे. दुसरी चणीने लहान, आवाजाने त्याहून लहान. तिचं नाव पडलं होतं चिमणी. चिमणीचे पाय विजेसारखे, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मावशीने तिला मैदानावर नेलंच नाही. कारखान्याच्या मागे लगदा घुसळणारी यंत्रं आहेत, तिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या आवारात एका टोकाला चिमणीला उभं करायची, दुसऱ्या टोकाला स्वतः. "मागे!" "डावी!" "माझा!" असं तिने ओरडायचं. ऐकू आलं तर मावशी हात वर करणार. पहिले काही आठवडे तो हात वर गेलाच नाही. पोर रडकुंडीला आली. मग एकदा गेला. निवड खोलीतल्या बायका खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, तुमच्या चिमणीचा चांगला कावळा होतोय. संघातल्या सगळ्या मुलीही तिला मावशीच म्हणायला लागल्या, माझी मक्तेदारी गेली.

आळीपाळीचा नियम दोन वर्षं चालला. संघ कधी जिंकला, कधी हरला. मग एका वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला आणि पाळी चिमणीची होती.

कारखान्याच्या साहेबांना उंची हवी होती. अंतिम सामना म्हणजे काही पाळीपाळीचा खेळ नव्हे, असं त्यांनी कोचला स्पष्ट सांगितलं. सामन्याच्या आदल्या दुपारी कोच मावशीकडे आली. तिच्या चेहऱ्यावरूनच मावशीला कळलं.

"ताई, एवढ्या वेळी फक्त."

मावशी हातातला ताव उजेडात धरून बघत होती. तो खाली ठेवून ती म्हणाली, "माझ्या वेळी दर वेळी 'एवढ्या वेळी फक्त'च असायचं."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर हरलो. ती हरून घरी येईल. न खेळता घरी येणार नाही."

कोचने शब्द पाळला. तिला श्रेय द्यायला हवं, कारण साहेबांशी वाकडं घेणं तिला परवडणारं नव्हतं. चिमणी गोलात उभी राहिली. मी तो सामना पाहिला आहे. तिच्याहून हातभर उंच मुली तिच्या आवाजावर डावीकडे-उजवीकडे पळत होत्या. तिने तीन-चार नक्की गोल वाचवले. शेवटी एक चेंडू तिच्या पॅडला लागून परत उसळला आणि समोरच्या मुलीने तो आत ढकलला. संघ त्या एका गोलने हरला.

कपडे बदलायच्या खोलीत चिमणी पॅडसकट बाकावर बसून रडत होती. बाकीच्या मुली आजूबाजूला सामान आवरत होत्या. मावशी जाऊन तिच्याशेजारी बसली.

"माझ्यामुळे हरलो ना, मावशी?"

"गोल तुझा होता," मावशी म्हणाली. "पायावर घेतलास तो चेंडू बाहेर ढकलायचा राहिला. समोरच ठेवलास. उद्या तेवढंच करू." आणि तिच्या पॅडचे पट्टे सोडायला लागली.

त्यावर काम करायला त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. महिना उलटायच्या आत साहेबांनी ठरवलं, की गोलकीपरना वेगळी शिकवणारी नको. हे सांगायला कोच स्वतः घरी आली आणि ओट्यापाशी उभी राहून रडली. मावशीनेच तिची समजूत घातली. आळीपाळीचा नियमही गेला. उंची सगळे सामने खेळायला लागली आणि छान खेळायला लागली. तिचा राग मावशीने कधी केला नाही. ती म्हणायची, पोर चांगली आहे, मिळालेली जागा कोण सोडतं?

चिमणी मात्र बाकावर आली. एक हंगाम मावशीने बघितलं. मग एका सुटीच्या दिवशी तिने चिमणीच्या आईला सोबत घेतलं आणि बसने तीन तासांवरच्या एका लहान गावी गेली. तिथला संघ तळाचा, वर्षाकाठी एखादा सामना जिंकला तर नशीब. त्यांचे कोच एका शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेच्या मागच्या खोलीत, गुंडाळलेल्या नकाशांच्या शेजारी, त्यांनी दोघींना बसायला खुर्च्या दिल्या. मावशीने मुलीचं कौतुक वगैरे काही केलं नाही. तिने एवढंच विचारलं, की तिला खेळवणार की बसवणार?

भूगोलाचे सर ओशाळून म्हणाले, "बसवणार कुठून, बाई? आमच्याकडे पॅडची जोडीच एक आहे."

"मग चालेल," मावशी म्हणाली.

पहिल्या वर्षी चिमणीने ढिगाने गोल खाल्ले. दर आठवड्याला तिचा मावशीला फोन यायचा. मावशी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ऐकायची, मधे मधे विचारायची, तू कुठे उभी होतीस, पुढची कुठे होती, तू काय ओरडलीस? काका तोवर पोळ्या लाटून घ्यायचे. आता चिमणी तिथली कॅप्टन आहे. संघ अजून तळापासून दोन-तीन जागाच वर आहे.